बाबांचं सीरम

बाबांना रोज दुपारी चार वाजता ताप यायचा. इतका वक्तशीर ताप मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. चहा झाला की थंडी वाजायची, नंतर घामानं बनियन पिळून काढावा इतका भिजायचा, आणि सकाळी साहेब पुन्हा खुर्चीत बसून पेपर वाचायला मोकळे. पाठ धरली होती, दीड महिन्यात सहा किलो वजन उतरलं होतं. तरी "कसं वाटतंय?" असं विचारलं की उत्तर एकच, "तुला काय वाटतं?"

मी हेमा. बुधवार पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सीरमच्या तपासण्या करते. त्याच गल्लीत बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. बाबांचं नाव रंगनाथ, वय अठ्ठ्याहत्तर. माझं लग्न मोडून मी शनिवार पेठेतल्या आमच्या फ्लॅटवर परत आले त्याला अकरा वर्षं झाली, आई जाऊन सहा. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. एकमेकांवर माया आहे, पण ती आम्ही उघड्यावर ठेवत नाही.

मलेरिया नाही, डेंगी नाही, टायफॉइड नाही, छातीचा फोटो स्वच्छ. डॉक्टर अवनी वयानं माझ्या निम्म्या आणि चिकाटीनं दुप्पट. त्यांनी तिसऱ्या भेटीत पेन खाली ठेवून विचारलं, "काका, कच्चं दूध पिता का? किंवा गाई, म्हशी, शेळ्या यांच्याजवळ जाणं होतं?"

"आमचा म्हशीशी संबंध पिशवीपुरता," बाबा म्हणाले.

"ब्रुसेला नावाचा जंतू असतो. जनावरांकडून माणसात येतो. ताप असाच येतो-जातो, आणि पाठ धरते."

"डॉक्टर, मी शनिवार पेठेत राहतो. आमच्याकडे जनावरं फक्त दुचाकी चालवतात."

मी हसले. डॉक्टरही हसल्या. पण निघताना मीच म्हणाले, सीरम लॅबमध्ये शिल्लक आहे, करून टाकते, यादीतलं एक नाव खोडलं जाईल. "करा ना," त्या म्हणाल्या. बाबा तोवर चपला घालून जिन्यात पोचले होते.

ही तपासणी म्हणजे फार मोठं शास्त्र आहे असं नाही. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं ते सीरम. जंतू शरीरात शिरला असेल तर त्याच्याशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रथिनं त्यात असतात. आठ नळ्यांत ते सीरम घ्यायचं, प्रत्येक नळीत आधीच्यापेक्षा निम्मं, आणि प्रत्येकीत मेलेल्या ब्रुसेलाचं गढूळ पाणी घालायचं. मग एक दिवस उबेत ठेवायचं. प्रथिनं असतील तर ती जंतूंना एकमेकांत बांधतात, गुठळ्या तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. नसतील तर पाणी जसं होतं तसंच गढूळ.

दुसऱ्या दिवशी मी रॅक उजेडात धरला. पहिली नळी गढूळ. दुसरी गढूळ. तेवढ्यात बाबांचा फोन आला, गॅसवाला कधी येणार म्हणून. मी म्हणाले, "माहीत नाही. आणि ते ब्रुसेलाचं काही नाहीये तुम्हाला."

"मी सांगितलंच होतं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मी रॅक पुन्हा उचलला. तिसरी नळी अर्धवट. चौथी नितळ. पाचवी, सहावी, सातवी, आठवी, सगळ्या नितळ, तळाशी दुधावर साय धरावी तसा पातळ थर. सीरममध्ये प्रथिनं अतोनात असली तर पहिल्या नळ्यांत उलटंच होतं. प्रत्येक जंतूला इतकी प्रथिनं चिकटतात की कोणी कोणाला बांधतच नाही, आणि नळी काहीच नसल्यासारखी दिसते. विरळ करत गेलं की मग खरं दिसतं. हे मी नव्या मुलींना दरवर्षी शिकवते. शिकवते आणि बापाच्या बाबतीत दोन नळ्या बघून निकाल देऊन मोकळी होते. स्वतःला जितक्या शिव्या येतात तितक्या दिल्या आणि फोन लावला.

"बाबा, मघाशी मी चुकले. आहे तुम्हाला. भरपूर आहे."

पलीकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "हा दुसऱ्याला होतो का गं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या अंगात ताप आणि माणसाला लेकीची काळजी. मी म्हणाले, "माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. माझी काळजी करू नका."

"बरं," ते म्हणाले.

डॉक्टर अवनींनी दोन औषधं दिली. एक पिवळी गोळी दिवसातून दोनदा, एक लाल कॅप्सूल सकाळी उपाशी पोटी. सहा आठवडे, एक दिवसही चुकवायचा नाही. "हा जंतू मणक्यात जाऊन बसतो, क्वचित हृदयातही," त्या बाबांना म्हणाल्या. "आणि काका, तो आला कुठून?"

"हवेतून," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर मी उलटतपासणी सुरू केली. कुठे काय खाल्लंत? कोणाकडे खरवस? कुठल्या गोठ्यात? ते गुरुवारी वाचनालयात जातात तिथे कोणी काही आणतं का? बाबा पेपरमागून "नाही" म्हणत राहिले. एखादा माणूस चार वर्षं दर गुरुवारी वाचनालयात जातो आणि घरात एकही पुस्तक येत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लॅबमध्ये मला सुतासारखी रेघ दिसते. घरी मी आंधळी.

पाचव्या दिवशी ताप थोडा कमी होता पण होता. चहा देताना मी सहज विचारलं, "घाबरला नाहीत ना? लघवी एकदम केशरी होते त्या लाल कॅप्सूलनं. सांगायचं राहिलंच."

बाबांनी कप खाली ठेवला. "हो. होते ना. थोडी."

थोडी? ते औषध घेतलं की लघवी अशी रंगते की माणूस दचकून फोन करतो. थोडी होतच नाही. मी उठले, त्यांच्या कपाटातली औषधांची पिशवी काढली. पिवळ्या गोळ्यांची पाकिटं जागच्या जागी होती, बरोबर हव्या तितक्या संपलेल्या. लाल कॅप्सूलचं एकही पाकीट नव्हतं.

"कुठे आहेत?"

बाबांनी पेपर उघडला.

"बाबा, मी काय विचारते?"

"ज्यांना लागत होत्या त्यांना दिल्या," ते म्हणाले. "दोन औषधं होती. माणसं दोन होतो."

आयुष्यभर रेडिओचे भाग याच्यातून काढून त्याच्यात घालणाऱ्या माणसाचं हे गणित होतं. मी ओरडले. खूप ओरडले. ती दोन्ही औषधं एकाच माणसानं एकदम घ्यायची असतात, नाहीतर जंतू मरत नाही, उलट औषधाला सरावतो, दोघंही बरे होणार नाहीत, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एवढीही अक्कल नसावी का? शेवटी विचारलं, "कोण आहे ती व्यक्ती?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू परत आलीस तेव्हा मी तुला काय विचारलं होतं?"

काहीच नाही. मी दोन बॅगा घेऊन दारात उभी होते, तेव्हा त्यांनी एक बॅग उचलून आत नेली होती आणि आईला सांगितलं होतं, भात वाढव. आजतागायत एक प्रश्न नाही. माझा सगळा आवाज तिथेच बसला. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मी विचारत नाही. पण त्या व्यक्तीच्या पाठीत दुखतंय का, एवढं सांगा."

"उठवत नाही तिला," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मथुराबाई. शहराबाहेर मांजरी गावात राहतात, वय सत्तर, नवरा जाऊन नऊ वर्षं. दुकान बंद व्हायच्या शेवटच्या महिन्यात नवऱ्याचा ट्रान्झिस्टर घेऊन आल्या होत्या. भाग मिळत नव्हता. बाबांनी तो शोधला आणि बसवून द्यायला मांजरीला गेले, कारण दुकान तोवर विकलं होतं. पुढच्या गुरुवारी आवाज नीट येतो का बघायला गेले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. चार वर्षं तो ट्रान्झिस्टर नादुरुस्तच होता म्हणायचा. सकाळची गाणी ऐकायची, ज्वारीची भाकरी खायची, दुपारच्या बसनं परत.

"आणि जंतू?"

"त्यांच्या चार शेळ्या आहेत. फेब्रुवारीत एक गाभडली, दिवस भरायच्या आधीच. मी डोकं मांडीवर धरून बसलो होतो, मथुराबाई पिल्लू ओढत होत्या. दीड तास. दोन पिल्लं निघाली, दोन्ही मेलेली."

"तुम्ही? शेळीचं बाळंतपण?"

"मग काय करणार? रेडिओ लावून भागण्यासारखं नव्हतं."

"उघड्या हातांनी?"

"हातमोजे घालून गुरुवारी कोण जातं?" बाबा म्हणाले. मग सावकाश म्हणाले, "त्यांचा मुलगा जयसिंग चाकणला असतो. तो म्हणतो, आईचं वय झालं. त्या डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. तपासणी करायची तर जंतू कुठून आला, कोण कोण होतं, हे सांगावं लागणार. लोक नावं ठेवतील. त्यांनाही, मलाही, तुलाही. म्हणून मी..." आणि त्यांनी हातानंच पाकीट दिल्यासारखं केलं.

मला राग आला होता आणि तो पूर्ण खरा होता. आईच्या फोटोखाली बसून हा माणूस चार वर्षं मला वाचनालय सांगत होता. पण त्या रागाखाली दुसरंही काही होतं. फोनवर "दुसऱ्याला होतो का" हे त्यांनी कोणासाठी विचारलं होतं, ते आत्ता मला कळलं होतं. मला लागलं ते. पन्नाशी उलटली तरी लागतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सुया, नळ्या, कापूस पिशवीत घालून रिक्षानं मांजरीला गेले. एकटीच. बाबांना म्हणाले, तुम्ही आलात तर रक्ताऐवजी गप्पा होतील.

घर दोन खोल्यांचं, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला बारा मजली नवी इमारत. मथुराबाई बाजेवर पडल्या होत्या. मला बघून हाताच्या आधारानं उठायला गेल्या आणि कळ येऊन तिथेच थांबल्या. मी नाव सांगायच्या आत त्या म्हणाल्या, "हेमाताई न्हवं? या. चहा करते, पन तुमास्नी साखर न्हाई चालत."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"समदं ठावं हाय. तुमी बारावीला आजारी पडला, तरी पेपर दिला. कारल्याची भाजी आवडती. नंदाताई गेल्यावर तुमी म्हैनाभर त्यांची साडी उशाला घेऊन झोपला." त्यांनी पदर सावरला. "ते लई बोलत्यात तुमच्यावर. नंदाताईंवर तर त्याहून. मी आमच्या मालकावर बोलते. दुसरं काय असतंय हो आमचं? ज्येची त्येनं आठवन काढायची, दुसऱ्यानं ऐकायची."

नंदा माझी आई. तिचं नाव मी सहा वर्षांत बाबांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्यासमोर त्यांना ते उच्चारता येत नव्हतं आणि मला त्यांच्यासमोर. म्हणून ते बस पकडून मांजरीला जाऊन उच्चारत होते. मी बाजेच्या कडेला बसले. माझा राग कुठे गेला ते मला सांगता येणार नाही, पण तो तिथे नव्हता.

मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. हात सुकलेला पण शीर ठसठशीत. रक्त नळीत येत होतं तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? ते औशद घेतलं आन लाल लाल व्हायला लागलं. मला वाटलं रगतच जातंय. आता काय ऱ्हात न्हाई मी."

"मग बंद का नाही केलंत?"

"त्यांनी दिलंतं," मथुराबाई म्हणाल्या. "येवढ्या तापात बसनं घिऊन आले. कसं बंद करू?"

मी सुई काढली, कापूस दाबला आणि तो दाबून धरायच्या निमित्तानं त्यांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. औषधानं तो रंग येतोच, घाबरायचं नाही, हे समजावलं. शेळ्यांचीही सरकारी डॉक्टरांकडून तपासणी करायची, दूध उकळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही, हेही. त्यांनी मान हलवली, मग विचारलं, "त्यांचा ताप कसा हाय?"

या वेळी मी आठही नळ्या बघितल्या, एकेक करून, दोनदा. पहिल्या दोन गढूळ, तिसरी अर्धवट, पुढच्या सगळ्या नितळ. हुबेहूब बाबांच्यासारख्या. दोघांचे रॅक शेजारी ठेवले असते तर कुठला कोणाचा हे चिठ्ठ्या वाचूनच कळलं असतं.

आता डॉक्टरकडे जाणं आलं. मथुराबाई ऐकेनात. शेवटी एका अटीवर तयार झाल्या. शनिवारी सकाळी मी बाबांना घेऊन टॅक्सीनं त्यांना आणायला गेले, तेव्हा गाडीत बसता बसता त्यांनी ती अट मला पुन्हा ऐकवली. "कोन म्हनून इचारलं तर सांगा, मी तुमच्याकडं धुन्याभांड्याला व्हते. म्हंजी कुनाला काय वाटायचं न्हाई."

बाबा पुढच्या सीटवर होते, त्यांना ऐकू आलं की नाही माहीत नाही. मी "बरं" म्हणाले. खरं सांगते, ते ऐकून क्षणभर मला हायसं वाटलं. दवाखाना आमच्या पेठेत, तिथे निम्मे लोक ओळखीचे. त्या हायसं वाटण्याची मला नंतर बराच वेळ लाज वाटत राहिली.

दवाखान्यात तीनच खुर्च्या रिकाम्या होत्या, शेजारी शेजारी. एकीवर बाबा, मध्ये मी, पलीकडे मथुराबाई, पदर घट्ट लपेटून, पाठीत वाकून. समोर आमच्याच इमारतीतले दोन जण, एक आईची जुनी भिशीवाली, कोपऱ्यात बाबांचं एक जुनं गिऱ्हाईक. सगळ्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि मग मथुराबाईंकडे बघून हलवली नाही.

काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म भरायला घेतला. नाव विचारलं, वय विचारलं, गाव विचारलं. मग मोठ्यानं म्हणाली, "पेशंटचे नातेवाईक कोण आहेत?"

मथुराबाई घाईनं म्हणाल्या, "न्हाई वो, नातेवाईक न्हाई. मी यांच्याकडं धुन्या..."

"मी आहे," बाबा म्हणाले.

ते उभे राहिले होते. एक हात कमरेवर, दुसरा खुर्चीच्या पाठीवर, बंडी अंगावर सैल. बाबांना थोडं कमी ऐकू येतं, म्हणून ते बोलतात ते सगळ्या खोलीला ऐकू जातं.

"बरं, आजोबा. नातं काय लिहू?"

बाबांनी एकदा त्या भिशीवालीकडे पाहिलं, एकदा गिऱ्हाइकाकडे. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित त्यांचा धीर सुटला असता, कदाचित माझाही.

"माझं माणूस आहे, असं लिहा," ते म्हणाले. "रकान्यात मावत नसेल तर मागच्या बाजूला लिहा."

मुलीनं खरंच लिहून घेतलं. समोरच्या बाकावर कोणी तरी खाकरलं. मथुराबाईंनी पदर आधी तोंडाला लावला आणि मग डोळ्यांना, आणि मान इतकी खाली घातली की मला त्यांचा फक्त भांग दिसत होता. बाबा तसेच उभे होते. आता बसायचं कसं हे त्यांना सुचत नव्हतं.

मी त्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसले होते. मी उठले.

"इथे बसा," मी बाबांना म्हणाले, आणि आमचा नंबर येईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिले.